खिळ्यावरची विजार आणि झोन दोनमधले घर

मी, ऑटिलिया केनेइलवे सेरोके, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार घर क्रमांक ११४०-ब, झोन दोन, मेडोलँड्स, सोवेटो, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट माझा मुलगा ओबाकेंग ईस्टरपासून जो दबाव आणत आहे, त्याला कंटाळूनच मी लिहायला बसले आहे. पूर्वी चर्चच्या वहीच्या मागच्या पानावर मी जे लिहिले होते ते रद्द समजावे.

वकीलबाई म्हणाल्या, कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, का देता ते लिहू नका. त्या तरुण आहेत. या देशाने आयुष्यभर माझ्याकडे कागद मागितले आणि त्यातल्या प्रत्येक कागदावर दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेले होते. हा पहिला कागद मी लिहीत आहे, तेव्हा कारणेही लिहिणार.

कलम १. माझी माणसे. माझे पहिले पती इसायाह मोत्शाबी, लोखंडाच्या भट्टीवर कामाला होते, १९६८च्या मार्चमध्ये तिथेच अपघातात गेले. दुसरे पती फिलेमोन सेरोके, वय चौऱ्याऐंशी, हयात आहेत, या क्षणी अंगणात बसून रेडिओशी भांडत आहेत. मुले दोन, दोन्ही इसायाहची. थोरला ओबाकेंग. धाकटी मात्शिदिसो, जी वडील गेल्यावर पाच महिन्यांनी जन्मली, म्हणून तिचे हे नाव ठेवले, त्याचा अर्थ सांत्वन.

कलम २. घर. हे चार खोल्यांचे घर, मागची खोली, पीचचे झाड आणि अंगणातला नळ यांचा संपूर्ण हक्क माझ्यामागे मात्शिदिसोला मिळावा, परंतु एका अटीवर. फिलेमोन सेरोके जिवंत असेपर्यंत ते याच घरात राहतील. मागच्या खोलीत नव्हे. माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर, जिथे सकाळचे ऊन येते. त्यांना कोणी वृद्धाश्रमात पाठवू नये, घर विकू नये, पाडू नये, आणि त्यांच्या हयातीत इथे भाड्याच्या आठ खोल्या बांधू नयेत.

आठ खोल्या हा आकडा मी मनाने काढलेला नाही. ईस्टरच्या रविवारी जेवण झाल्यावर ओबाकेंगने टेबलावर नकाशा पसरला. दुमजली, आठ खोल्या, प्रत्येकीला वेगळा नळ.

"आणि काका कुठे राहणार?" मात्शिदिसोने विचारले. दोन्ही मुले फिलेमोनना काकाच म्हणतात.

"त्यांची सोय करू ना कुठेतरी. चांगले वृद्धाश्रम असतात," तो म्हणाला. "हे बघ, ते काही आपल्या घरातले नाहीत. रक्ताचं नातं आहे का काही? कागदापुरतं लग्न होतं ते, सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"हळू बोल," मी म्हणाले.

"आई, त्यांना ऐकू येत नाही."

त्यांना रेडिओ ऐकू येत नाही. स्वतःबद्दलचे बोलणे नीट ऐकू येते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला विचारायला आले की त्यांच्या पितळी वाद्याच्या, ट्रॉम्बोनच्या पेटीचा पट्टा मी कुठे ठेवला आहे.

आता कागदापुरत्या लग्नाबद्दल.

१९५५ साली सोफियाटाउनमधले आमचे घर सरकारने पाडले आणि सामानासकट आम्हाला लॉरीत घालून इथे आणून टाकले, कारण गोऱ्यांना ती वस्ती हवी होती. इथे जमीन मातीची होती, आतले दरवाजे नव्हते. इसायाहने फरशी केली, भिंतींना गिलावा दिला, पीच लावला. घर मात्र आमचे नव्हते, सरकारचे होते. आमच्याकडे होता फक्त परवाना, आणि परवाना पुरुषाच्या नावावर. इसायाहला पुरून आठ दिवस झाले नाहीत तोच मला कचेरीत बोलावले. अधीक्षकाने वर न बघता सांगितले, "नवरा नाही तर परवाना नाही. महिनाअखेर चावी आणून द्यायची." मी विचारले, जायचे कुठे? तो म्हणाला, तुमच्या लोकांच्या प्रदेशात. ज्या गावाचे नाव त्याने घेतले तिथे माझ्या ओळखीची एक कोंबडीही नव्हती. माझ्या पोटात चौथा महिना होता आणि ओबाकेंग नऊ वर्षांचा होता.

फिलेमोन सेरोके इसायाहबरोबर भट्टीवर कामाला होते. इसायाहची टोपी आणि डबा परत द्यायला आले होते. त्यांना पुरुषांच्या वसतिगृहात पलंग होता, पासवर शहरात राहायचा शिक्का होता, शनिवारी वाजवायला एक बँड होता. त्यांना कोणाची गरज नव्हती. मी त्यांना दारातच विचारले.

"लग्न करता का माझ्याशी?"

"कशासाठी?"

"घरासाठी."

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "जेवण कोण करणार?"

"मी."

"आणि माझा ट्रॉम्बोन?"

"तो घराबाहेर."

"बरं," ते म्हणाले. "उद्या पगार आहे. परवा चालेल का?"

तिसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी सही केली. मजकूर वाचलाही नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चला, मोत्शाबीबाई." तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षे ते मला मोत्शाबीबाई म्हणतात आणि मी त्यांना सेरोके. सगळी गल्ली हसते. हसू दे.

कागद खरा आहे का ते तपासायला भल्या पहाटे पोलीस यायचे. पुरुष खरोखर राहतो का, हे ते कसे ओळखत? दाढीचा ब्रश आणि विजार बघून. म्हणून माझ्या खोलीच्या दारामागे सेरोकेंनी एक खिळा ठोकला. रोज संध्याकाळी कामावरून आले की आपली तपकिरी विजार त्या खिळ्यावर टांगायचे आणि दुसरी घालून स्वयंपाकघरात झोपायला जायचे. दार वाजले की उठून माझ्या खोलीत येऊन उभे राहायचे. एकदा एका पोलिसाने खिळ्यावर बॅटरी मारून विचारले, "ही कोणाची?" सेरोके म्हणाले, "माझीच साहेब. आवडली तर न्या, पण तुमच्या कमरेला होणार नाही." त्या बोलण्यापायी त्यांचा एक दात गेला. मी त्यांना चिकार बोलले. तोंड आवरता येत नाही का, मी विचारले. त्यांना आजही येत नाही.

पुढे मागची खोली बांधून झाल्यावर ते तिकडे गेले. विजार खिळ्यावरच राहिली. आमच्यात पुढे काय झाले आणि काय नाही असे विचारणाऱ्या बायकांना, विशेषतः चर्चच्या मातृसंघातल्या दोघींना, मी कळवू इच्छिते की त्याचे उत्तर या मृत्युपत्रात नाही.

१९८६ साली, काळ्या माणसाने कुठे राहायचे ते ठरवणारे पासचे कायदे गेले. मी त्यांना म्हणाले, "आता कोणी तपासायला येणार नाही. तुम्ही मोकळे आहात."

"मोकळा म्हणजे?"

"म्हणजे जिथे जायचं तिथे जा."

ते सकाळी बँडमधल्या जुन्या मित्रांकडे गेले. संध्याकाळी परत आले, विजार टांगली. मी विचारले, का आलात? म्हणाले, "बस चुकली." तीस वर्षे झाली, ती बस अजून चुकलेलीच आहे.

आणि ज्यांना वाटते की हे घर मला सरकारने दिले, त्यांच्यासाठी. आम्हाला पहिल्यांदा मत देता आले त्या निवडणुकीनंतर दोन वर्षांनी सरकारने ही घरे राहणाऱ्यांच्या मालकीची करून दिली. परवाना सेरोकेंच्या नावावर होता, म्हणून घर त्यांना मिळाले असते. ते कचेरीत गेले आणि म्हणाले, बाईचे नाव घाला. कारकुनाने तीनदा विचारले. हे मला त्या कारकुनाच्या मावशीकडून कळले. घरी येऊन सेरोके रांग किती मोठी होती आणि पंखा कसा बंद होता याबद्दल तासभर कुरकुरत राहिले, पण हे बोलले नाहीत.

कलम ३. ओबाकेंगला. त्याला घरातला हिस्सा नाही. त्याचे शहराच्या उत्तरेला घर आहे, त्याला फाटक आहे, फाटकाला पहारेकरी आहे, आणि मला आत जाण्यासाठी वहीत नाव लिहावे लागते. तीस वर्षे मी पास दाखवून गोऱ्यांच्या वस्तीत गेले. आता मुलाच्या दारात सही करून जाते. त्याने गोऱ्या सरकारविरुद्धच्या लढ्यात भाग घेतला हे मी विसरलेले नाही. सतराव्या वर्षी तो सीमेपलीकडे गेला आणि पंधरा वर्षे मला त्याचे तोंड दिसले नाही. त्या पंधरा वर्षांचा मला अभिमान आहे. पुढच्या पंचवीस वर्षांतल्या त्याच्या कंत्राटांबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण मृत्युपत्र सगळ्यांसमोर वाचतात.

त्याला मी आमचा जुना परवाना देत आहे. कपाटात, बायबलखाली आहे. त्याने तो चौकटीत घालून आपल्या कचेरीत लावावा. त्यावर लिहिले आहे: फिलेमोन सेरोके, पत्नी ऑटिलिया, मुलगा ओबाकेंग. सोळाव्या वर्षी ओबाकेंगला शहरात राहायचा शिक्का मिळाला तो या एका ओळीमुळे. ती ओळ नसती तर त्याला त्या गावी पाठवले असते आणि तो तिथे कोणाच्या तरी बकऱ्या राखत बसला असता. बाळा, रक्ताचा बाप तेव्हा मातीत होता. तुला या शहरात ठेवले ते या कागदाच्या नात्याने. आता तू त्यांना बाहेर काढायला निघालास याची मला लाज वाटते, आणि ती मी इथे लिहूनच ठेवते.

कलम ४. माझी मोठी कात्री आणि शिलाई मशीन मात्शिदिसोला. बावीस वर्षे मी कपड्यांच्या कारखान्यात होते. कापड बेतून कापायचे काम गोऱ्यांसाठी राखीव होते. मी शिवायचे काम करायचे आणि कापायला नवीन आलेल्या गोऱ्या पोरींना कात्री कशी धरायची ते शिकवायचे; सहा महिन्यांनी तीच पोरगी माझ्यावर देखरेख करायची. मग कायदा बदलला, मला कापायची परवानगी मिळाली, बढतीचे पत्र आले. चार वर्षांनी बाहेरून स्वस्त कपडे आले आणि कारखानाच बंद झाला. कात्री मी तिथून न विचारता आणली. कोणाला परत हवी असल्यास त्यांनी माझ्या थडग्याशी येऊन मागावी.

कलम ५. अंत्यविधी. मी दरमहा वर्गणी भरते त्या दफनमंडळाकडे माझी सगळी तजवीज आहे. ओबाकेंगने मला त्या खासगी हिरवळीच्या स्मशानात नेऊ नये, तिथे मी कोणाला ओळखत नाही. तंबू साधा असावा. जेवणात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पाप, मोगोदू म्हणजे आतड्यांचे कालवण, आणि बीट. भाषणे तीन. ओबाकेंगचे भाषण तिसरे आणि छोटे. सेरोकेंनी ट्रॉम्बोन वाजवावा. अठ्ठेचाळीस वर्षे मी त्यांना बाहेर जाऊन वाजवा म्हणत आले. त्या दिवशी त्यांनी घरात वाजवावा, माझ्या शवपेटीशेजारी. चुकीचे सूर लागले तरी कोणी तोंड वाकडे करू नये.

कलम ६. एक गोष्ट, जी तोंडाने सांगायला मला जमले नाही, कारण मी सांगितली असती तर सेरोकेंनी त्यावर काहीतरी बोलून मला हसवले असते. या माणसाने मला फार त्रास दिला. ते घोरतात, नळ उघडा टाकतात, साखर चार चमचे घेतात. ते माझे पती आहेत. कागदावर आले त्याच्या आधीपासून नव्हेत, पण कागदाची गरज संपली त्याच्या कितीतरी नंतरपर्यंत आहेत. माझे त्यांच्यावर प्रेम आहे.

ईस्टरपासून तीन आठवडे खिळा रिकामा आहे. ट्रॉम्बोनची पेटी दाराशी बांधून ठेवलेली आहे. म्हणून हे आज लिहिले.

कलम ७. साक्षीदार. सेरोके चष्मा पुसून, पेन घेऊन सही करायला बसले होते. मी सांगितले, तुम्हाला साक्षीदार होता येत नाही.

"का? मागच्या वेळी तर चाललं."

"ज्याला काही मिळणार असतं त्याची साक्ष चालत नाही. वकीलबाई म्हणाल्या."

"मला काय मिळणार आहे?"

मी त्यांना कलम दोन वाचून दाखवले. सहावे वाचले नाही. त्यांनी पेन खाली ठेवले. "माझी जागा अडवून ठेवलीत म्हणायची, मोत्शाबीबाई," म्हणाले आणि उठून आत गेले. अजून बाहेर आलेले नाहीत.

सही: ऑ. के. सेरोके
मेडोलँड्स, सोवेटो, दिनांक १७ एप्रिल २०१६

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की वरील बाईंनी आम्हा दोघांच्या समक्ष, आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना, या मृत्युपत्रावर सही केली. बाईंच्या आग्रहावरून आम्ही त्यांच्या खोलीत जाऊन आलो आणि हेही लिहून देतो की दारामागच्या खिळ्यावर एक तपकिरी विजार टांगलेली आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली.

१. गोडफ्रीडा लेकोमा, निवृत्त परिचारिका, शेजारी, घर क्रमांक ११४१-ब
२. युसुफ वारसामे, कोपऱ्यावरचे किराणा दुकान