बिरनूच्या दाढेतलं हाड

॥ श्रीचक्रधर प्रसन्न ॥

मौजे कुंभारटाकळी, तालुका घाटंजी
भाद्रपद, सन २००६

चिरंजीव जावईबापू कपिलराव यांले नानाजीचा दंडवत प्रणाम अन् भरभरून आशीर्वाद. (वयानं आशीर्वाद द्यायचा अन् नात्यानं हात जोडायचे, सासऱ्याचा जन्मच असा.) आम्ही इथं बरे आहो. ज्योत्स्नाची कंबर दुखत होती, ते कमी झालं का कळवावं. नात खुशीले दात आले का तेही कळवावं. खाणीत पाणी शिरलं होतं म्हणे, ते उतरलं असन अशी आशा करतो. हे पत्र घरच्या पत्त्यावर न टाकता तुमच्या राजूरच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकून राह्यलो. काहून, ते वाचता वाचता कळन. खुशाली इथं संपली. आता मले राग आला आहे, तो लिहितो.

तुम्ही परवा फिरोजच्या दुकानात फोन केला अन् तानाबाईले बोलावून घेतलं. ती भाकर तव्यावर टाकून पळत गेली, मी तिच्या मागं गेलो. फिरोजच्या दुकानातला तो फोन कसा आहे तुम्हाले माहीत आहे, पलीकडचा माणूस बोलला की बाहेरच्या बाकड्यावरच्या लोकांलेही ऐकू येते. तुम्ही तुमच्या सख्ख्या सासूले काय बोलले, ते त्या दिवशी बाकड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. तुमचे शब्द असे: तुम्ही अडाणी लोक, तुम्हाले हाड कच्चं द्या म्हणून सांगितलं होतं, तुम्ही शिजवून घातलं, माझा कुत्रा मारून टाकत होते, येत्या रविवारी येतो अन् घेऊन जातो, आमच्या साहेबांले द्यायचाच आहे. तानाबाई तोंडावर पदर धरून ऐकत राह्यली. शेवटी फक्त "बरं" म्हणाली. जी बाई मले आयुष्यात कधी शेवटचा शब्द बोलू देत नाही, ती घरी येईपर्यंत मुकी होती, अन् तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झालता. म्हणून जे तिनं बोलायचं होतं ते मी लिहितो. फोनवर बोललो असतो, पण मले फिरोजच्या बाकड्यावर आणखी तमाशा नाही पाह्यजे.

हे कुत्रं आमच्याकडं आलं कसं, ते तुम्ही विसरले दिसता. लग्नाच्या आधी तुम्ही आश्रमात बाबांसमोर बसून उपदेश घेतला, मांस-मच्छी सोडली, तेव्हा कुठं आमच्या महानुभाव घरातली लेक तुम्हाले भेटली. (ज्योत्स्ना अजून गावभर सांगते, आमचे हे बेकरीचा केकही विचारून खातात, अंडं असन म्हणून.) मंग तुम्ही ते जर्मन जातीचं पिल्लू आणलं, कुठंतरी वाचलं, अन् त्याले कच्चं मटण अन् हाडं सुरू केली. कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, अन् लांडग्याच्या घरी चूल नसते, हे तुमचं म्हणणं. ज्योत्स्नानं सांगितलं, क्वार्टरात मांसाचा तुकडा दिसला तर मी माहेरी जाईन. तुम्ही हुशार माणूस, बायको ठेवून घेतली अन् कुत्रं माहेरी धाडलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, इथं जावयानं कुत्रं धाडलं. मी कुरकुर केली नाही. रानडुकरं अन् रोही रोज कापसाच्या पऱ्हाटीत घुसून राह्यले होते. यंदा बियाण्याची थैली महाग अन् कापसाले भाव नाही, पण डुकरं काही भाव विचारून खात नाहीत. राखणीले कुत्रं पाह्यजेच होतं.

तुम्ही नाव ठेवलं ब्रूनो. तानाबाईच्या जिभेवर ते बिरनू झालं, अन् आता ते बिरनूलेच ओळखते. पण तुमची अट कच्च्या हाडाची. आमच्या घरात ज्या वस्तूचं नाव घेतलं तरी चूळ भरतात, ती आम्ही कुत्र्याले द्यायची कशी? मंग शेजारच्या वावराचा धनी उकंडा, त्याले गळ घातली. त्यानं घाटंजीच्या बाजारातून गफ्फारभाईच्या दुकानातून हाडं आणायची अन् धुऱ्याच्या पलीकडं, त्याच्या हद्दीत, कुत्र्याले घालायची. कुत्रं तिकडं जाऊन खाऊन येत होतं. पाप धुऱ्याच्या तिकडं, राखण धुऱ्याच्या इकडं, असा आमचा संसार चालला होता. (बाबांले मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.)

एका बाजाराले उकंडा तापानं पडला, अन् मले जाणं आलं. मी दुपट्टा तोंडाले गुंडाळून, मान खाली घालून गफ्फारभाईच्या दुकानापुढं उभा राह्यलो. गफ्फारभाई मनाचा मोठा माणूस, त्यानं मले दुपट्ट्यातूनही ओळखलं अन् अख्ख्या बाजारात आवाज दिला, आओ नानाजी, आज इधर कैसे. सगळ्या माना वळल्या. मी म्हटलं, कुत्र्यासाठी पाह्यजे. तो गालातल्या गालात हसला अन् म्हणाला, सब येही बोलते हैं. परत येताना काळीपिवळी जीपगाडीत शेजारी कोण बसावं, तर आश्रमातली मोतीबाई, जी आमच्या बायांले पोथी समजावून सांगते. पिशवीत काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, वांगे. ती म्हणाली, दोन द्या बाप्पा, घरी भाजीले काही नाही. मी म्हटलं, किडके आहेत. तेवढ्यात पिशवीतून लाल पाणी गळून तिच्या चपलेवर पडलं. ती खिडकीकडं सरकली. तेव्हापासून आश्रमातल्या पंगतीत मले सगळ्यात शेवटी वाढतात, अन् वाढणारी बाई वाढता वाढता माझ्या तोंडाकडं पाहते. हे सारं मी तुमच्या कुत्र्यासाठी सोसलं, अन् अडाणी मीच.

बरं, हे कच्चं चांगलं की वाईट, ह्याचं ज्ञान गावात कोणाले नाही असंही नाही. चंदाबाईच्या बकऱ्या आहेत, ती म्हणते, कच्च्या रक्ताची चटक लागलेलं कुत्रं आज हाड खाते, उद्या बकरी खाईन. गफ्फारभाई म्हणतात, कच्च्यानं कुत्र्याची छाती रुंद होते. (हाडं त्यांच्याच दुकानची.) मधात कापसाची दशा पाहायले जीपमधून एक पथक आलं. त्यातल्या टोपीवाल्या साहेबानं पऱ्हाटीकडं पाठ केली अन् बिरनूकडं पाहून कच्च्या मांसाच्या गुणांवर असं भाषण दिलं की ड्रायव्हरले झोप लागली. कापसाबद्दल विचारलं तर म्हणाला, ते आमच्या अहवालात येईन. तानाबाईचं ज्ञान सगळ्यात लहान. ती रोज ताकात ज्वारीची भाकर कुस्करून त्याच्यापुढं ठेवते. बिरनू उकंडाकडचं हाड चघळून येते अन् तानाबाईची भाकर चाटूनपुसून खाते. पोट कशानं भरते ते त्याले विचारा.

मंग पोळा आला. तुम्ही, ज्योत्स्ना अन् खुशी आले, घर भरलं. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. त्या दिवशी गावात बोकड पडते, हिस्से होतात, अन् आमची उपदेशी घरं सोडली तर घराघरात रस्सा शिजते. आम्ही दारं लावून घेतो. तुम्ही दुपारी ब्रूनोले भेटून येतो म्हणून वावरात गेले, ते दिवेलागणीले परत आले अन् तानाबाईची पुरणपोळी अर्धी टाकून उठले. पोट जड वाटते म्हणाले. त्या बिचारीनं तुम्हाले ओवा दिला, पोटाले हिंगाचं पाणी लावलं, अन् आपल्या हातानं पुरण बिघडलं म्हणून हळहळत राह्यली.

तुम्ही दुसऱ्या दिवशी गेले अन् बिरनूच्या तोंडातून लाळ सुरू झाली. पंज्यानं तोंड ओरबाडे, जबडा मिटता येईना, पाणी पाहून मागं सरके. चंदाबाईनं एक डाव पाहिलं अन् बोंब मारली, कुत्रं पिसाळलं. गावात एवढा शब्द पुरते. माणसं काठ्या घेऊन अंगणात आली, ज्यांच्या घरी मी लग्नात हळद लावायले गेलतो ती माणसं. तानाबाईनं बिरनूले घरात ओढलं अन् स्वतः उंबऱ्यात बसली. म्हणाली, आधी मले मारा, मंग त्याले. कोणाचीच काठी उठली नाही. मी छकडा जुंपला, बैल लाळेच्या वासानं बिचकत होते, तरी घाटंजी गाठली. सारा रस्ता बिरनूचं डोकं तिच्या मांडीवर होतं अन् लुगडं लाळेनं भिजलं होतं. ती मले फक्त हाक हाक म्हणत होती.

गुरांच्या डॉक्टरनं त्याचा जबडा लाकूड घालून उघडला अन् चिमट्यानं वरच्या दोन दाढांच्या मधात आडवं रुतलेलं हाड काढलं. पिसाळलं-बिसाळलं काही नाही. मी त्याले सरळ विचारलं, डॉक्टरसाहेब, एकदाचं सांगा, कच्चं का शिजलेलं? तो म्हणाला, शिजलेलं हाड काचेसारखं फुटते, दाढेत, घशात, आतड्यात कुठंही रुतते, ते तर कधीच नाही. पण कच्चं हाड म्हणजे अमृत नव्हे. त्यानंही दात तुटतात, तेही अडकते, अन् कच्च्या मांसातून जंत अन् रोगाचे जंतू कुत्र्यालेही होतात अन् त्याले हात लावणाऱ्यालेही. द्यायचंच तर बिनहाडाचं, शिजवून द्या. मी माझी अडचण सांगितली. तर म्हणाला, मंग दूध, डाळ, भाकर द्या, त्याचं चालते, तुमची बाई देते तेच बरं आहे. हाड दाढेत रुतलं होतं अन् डॉक्टर काय बोलला, एवढं मी घाटंजीहूनच तुमच्या ऑफिसात फोन करून कळवलं होतं. म्हणजे जावईबापू, तुमचा लांडगाही चुकला अन् टोपीवालाही चुकला. अन् बोलणी कोणाले बसली, तर ताक-भाकर देणारीले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तरी न्या म्हणतो. खुशाल न्या. कुत्रं तुमचं आहे, आम्ही कोण? आम्हाले त्याचा उपद्रवच आहे. तानाबाईच्या गोधडीवर झोपते अन् तिले कोपऱ्यात सरकावते. आश्रमात मागं मागं येते, पायरीवर बसते अन् आरती सुरू झाली की गळा काढते. यष्टीवर भुंकते, पोस्टमनवर भुंकते, माझ्यावरही भुंकते जर मी तानाबाईवर आवाज चढवला तर. डुकरांनी आता आमच्या पऱ्हाटीचा नाद सोडला अन् उकंडाच्या वावरात जातात, त्यानं शेजाऱ्यात वैर यायची पाळी आली. असं कुत्रं साहेबाच्या बंगल्यावर साखळीतच शोभते. साहेब खुश झाले की तुमचीही सोय होईन, त्यात आम्ही आडवे यायचं काय कारण? ज्योत्स्नाले आशीर्वाद, खुशीले पापा.

तुमचा सासरा
नानाजी

ता. क. येताना राजूरहून दगडी कोळशाचं पोतं आणू नका. मागचंच पडून आहे, त्याच्या धुरानं तानाबाईचे डोळे जातात.

ता. क. एक लिहायचं राहून गेलं. डॉक्टरनं ते हाड माझ्या हातावर ठेवलं तेव्हा ते पिवळं होतं. हळद होती, तेल होतं, मसाल्याचा वास होता. आमच्या घरात जन्मात ते शिजलं नाही, उकंडा देत होता ते कच्चं. तानाबाईनं एक डाव पाहिलं, पदराखाली नाकाले लावलं अन् माझ्या हातात परत दिलं. मी उकंडाले बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायले लावली. तो म्हणाला, नानाजी, पाहुणा माणूस, मी कसं सांगू? करीच्या दुपारी आमच्या निंबाखाली बाजेवर जावईबापू बसले होते. रस्सा दोन डाव मागून घेतला. नळी चोखून झाली अन् आपल्या हातानं कुत्र्यापुढं टाकली, घे ब्रूनो म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्या होत्या, पण फोनवरून पहिल्यांदाच ऐकल्या. अन् हे माहीत असतानी तानाबाई त्या फोनवर बरं म्हणाली. म्हणते, जावई आहे, लेकीचं घर आहे, झाकून घ्या. हे पत्र तिले न विचारता लिहितो.

ता. क. ते हाड मी टाकलं नाही. घरात ठेवता येत नाही, म्हणून डबीत घालून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलं आहे. अजून पिवळंच आहे. तेव्हा रविवारी पुरणपोळी खायले येत असान तर एकटे आले तरी चालन, तानाबाई पोटभर वाढन. कुत्रं न्यायले येत असान तर मात्र ज्योत्स्नाले संग आणा.