खुर्चीतलं बुजगावणं

प्रिय इव्ही,

आधी चांगल्या बातम्या. घर जागेवर आहे. मी जागेवर आहे. पोलीस एकदाच येऊन गेले आणि जाताना हसत होते. झालं असं, की मी एका रबरी हातमोज्यात थंड लापशी भरली, तोंड बांधलं आणि तो हात शेजारच्या ओडेलबाईंच्या टपालपेटीत ठेवला, बोटं दाराकडे करून. बाईंनी पत्रं काढायला आत हात घातला तर आतून कुणीतरी शेकहँड केला! म्हातारी अशी किंचाळली की नदीपलीकडच्या लोकांनी खिडक्या उघडल्या असतील. पोलीस गेल्यावर तीच कुंपणावरून मला म्हणते, "कार्टे, खायची लापशी वाया घालवलीस. भुसा भरायचा." आता बोल. हिला घाबरवायचं तरी कसं?

शाळेबद्दल पुन्हा लिहू नकोस. सोडली ती सोडली. आणि फोन का उचलत नाही म्हणून चिडली असशील, तर तेही सांगते, पण शेवटी. मला सगळं ओळीनं सांगू दे, मधे उडी मारली तर माझं मलाच सुचणार नाही.

आपलं काय ठरलं होतं, आठवतंय ना? तू म्हणालीस, बाबांना कोलंबसला तुझ्या घराजवळच्या त्या वृद्धांच्या होममध्ये ठेवू. मी म्हटलं, हॅलोविनपर्यंत थांब. तू म्हणालीस, "हॅलोविनला काय होणारे?" मी म्हटलं, "बाबा उडी मारतील." मला वाटलं फोन कट झाला. मग तू म्हणालीस, "बरं. मारली उडी तर घरीच राहू देत." तू हो म्हटलंस ते दया येऊन, हे मला कळलं होतं गं. पण हो म्हणजे हो.

माझा हिशोब साधा होता. मार्चमध्ये बाबांच्या डोक्यात ती गुठळी झाल्यापासून ते बोलत नाहीत, उठ म्हटल्याशिवाय उठत नाहीत, चमचा तोंडाशी नेला की तोंड उघडतात. पण डॉक्टर काय म्हणाला होता? "पाय ठणठणीत आहेत. उठायचं की नाही, हे आतून ठरायला हवं." मी म्हटलं, आतून ठरवायला लावणारी एकच गोष्ट मला माहितीये. डोक्यावर गोणपाट, मांडीवर चॉकलेटांचं घमेलं, आणि समोर भेदरलेली पोरं. डोकं विसरलं असेल. पाय कसे विसरतील? दरवर्षी तेच तर करत आलेत.

आई गेली त्या वर्षी सुरू झालं ना ते? मी लहान होते, मला थोडंच आठवतं. तू रडून रडून सुजली होतीस, हॅलोविनला दारात टांगायला दुकानातला सांगाडा आणायला पैसे नव्हते, आणि बाबा कुणाच्यातरी नव्या फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल उचलून आले. स्वयंपाकघरात बसून ब्रेडच्या सुरीनं थडगी कापायला लागले. ओडेलबाई म्हणाली, "व्हर्जिल, अहो घरात आत्ता मयत झालीये, आणि अंगणात थडगी लावताय?" तर बाबा म्हणाले, "भूत घरात बसण्यापेक्षा दारात टांगलेलं बरं." मग चादरी फाडल्या. आईच्याच होत्या त्या, फुलाफुलांच्या. म्हणून आपली भुतं गावात एकटीच फुलाफुलांची.

तर यंदा मी सगळं तसंच केलं, फुकटात. मैद्याची खळ शिजवली, चादरीचे तुकडे त्यात बुडवले, बाटलीवर फुगा बसवून त्यावर पसरले. वाळल्यावर फुगा फोडायचा, भूत आपल्या पायावर उभं. आतून पोकळ, बाहेरून ताठ. दुधाच्या रिकाम्या कॅनवर काळ्या पेननं तोंडं काढली आणि आत नाताळच्या दिव्यांची माळ सोडली. टॉयलेटच्या कागदाच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांना डोळ्यांची भोकं पाडून झुडपात खोचल्या. फाटक्या गोधडीतला कापूस ताणून ताणून खिडक्यांना जाळी केली. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांची वटवाघळं. थडगी जुनीच, पण एकावर नवं लिहिलं, "इथे सोमवार झोपला आहे. उठेल. पळा."

हे सगळं करताना बाबा टेबलाशी बसलेले असायचे. मी त्यांच्या हातात काहीतरी द्यायचे, चादरीचं टोक नाहीतर दोरा. ते धरून ठेवायचे. मी बडबडायचे. एकदा मी कॅनवर हसरं तोंड काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. तुला माहितीये, त्यांना हसरी भुतं अजिबात चालत नाहीत, "हसायचं असेल तर भूत कशाला झाला" म्हणायचे. मी सिंकवर हात धुवून वळले, तर कॅनचं तोंड भिंतीकडे! इव्ही, मी तशीच ओल्या हातानं ओडेलबाईकडे धावले. ती पाय शेकत बसली होती. मी म्हटलं, "फिरवला! त्यांनी फिरवला!" तिनं माझ्याकडे बघितलं, टॉवेल दिला, म्हणाली, "हात लागला असेल गं, राणी." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग तिनंच सफरचंदाचा केक पाठवला, मी खाल्ला, आणि तरीही बोलले नाही.

बुजगावणं मात्र मी ऑक्टोबर लागताच बसवलं. बाबांची ती युक्ती तूच मला समजावून सांगितली होतीस. आधी खरंच पानं भरलेलं बुजगावणं व्हरांड्यातल्या खुर्चीत ठेवायचं, बाबांचंच शाळेची बस चालवतानाचं जाकीट, बाबांचीच पँट, डोक्याला गोणपाट. आठवडेच्या आठवडे तिथंच. पोरं शाळेत जाताना बघतात, येताना बघतात, शेवटी त्यांचे डोळे मरतात. आणि हॅलोविनच्या संध्याकाळी पानं बाहेर, बाबा आत. तेच जाकीट, तेच गोणपाट. पोरानं चॉकलेटाला हात घातला की बुजगावणं खुर्चीतून उडी मारून अंगावर येतं. बसमधली पोरं ज्याला रोज "गुड मॉर्निंग मिस्टर व्ही" म्हणतात, तोच माणूस त्यांना चड्डीत मुतवणार. आता तर मोठी झालेली पोरं आपल्या भावंडांना मुद्दाम घेऊन येतात आणि आईबाप फुटपाथवर कॅमेरे घेऊन उभे राहतात. गावाला सण कळतो तो बाबांच्या उडीनं.

त्या संध्याकाळी मी त्यांची दाढी केली. का, माहीत नाही, गोणपाटाखाली कोण बघणार होतं. जाकीट घातलं. ते ढिलं झालंय आता, खांद्यात थोडी पानं भरावी लागली. हाताला धरून खुर्चीत बसवलं, मांडीवर घमेलं ठेवलं, गोणपाट चढवण्याआधी कानात म्हटलं, "बाबा, फक्त एकदा. एकच पोरगं घाबरवा. मग आयुष्यभर बसून राहा." त्यांनी पापणी मिटली. पापणी सगळेच मिटतात.

बंबाच्या स्टेशनवरचा भोंगा वाजला आणि पोरं दारोदार चॉकलेटं मागत सुटली. मी दाराआड जाळीतून बघत होते. पहिली टोळी टकरच्या पोरांची. मोठा समुद्री चाचा झालेला, धाकटा डायनासोर. पायरीखाली थांबले. मोठा म्हणाला, "मी सांगतो ना, तू हात घातलास की उठतो तो." डायनासोर म्हणाला, "मग तू घाल ना." "मी मागच्या वर्षी घातला होता." "खोटं. मागच्या वर्षी तू रडला होतास, आई म्हणाली." अशी ढकलाढकली. शेवटी डायनासोरनं डोळे मिटून घमेल्यात हात घातला आणि काही व्हायच्या आधीच बोंबलला. फुटपाथवर सगळे हसले. मीही हसले. मनात म्हणत होते, आत्ता. आत्ता.

काही झालं नाही.

मग दुसरी टोळी, मग तिसरी. पोरं यायची, थांबायची, हात घालायची, घाबरायची तयारी करायची. अंग चोरून उभी राहायची बिचारी, आणि काहीच होत नाही म्हणून मग सैल पडायची. कुणी दोन उचलली, कुणी मूठभर. एकानं कपाळावर टिचकी मारली. टकरचा मोठा परत आला, खुर्चीला गोल फेरी मारली आणि ओरडला, "अरे, यंदा नुसतंच बुजगावणं ठेवलंय! मिस्टर व्ही आत टीव्ही बघत बसलेत!" झालं. मग भीतीच गेली. दोन चेटकिणी त्यांच्या मांडीवर जाऊन बसल्या आणि त्यांच्या आईनं फोटो काढला. "मान जरा सरळ कर गं त्याची," ती म्हणाली, आणि पोरीनं केली. मान तशीच राहिली.

मी बाहेर का आले नाही, असं तू विचारशील. मी जाळीला नाक लावून उभी होते. एक पाऊल टाकून "तो माणूस आहे" म्हणायचं, एवढंच होतं. पण ते म्हटलं असतं तर मलाही ते ऐकू आलं असतं ना. आणि खरं सांगू, मी अजून थांबले होते. वाटत होतं, हा म्हातारा मुद्दाम ताणतोय. सगळ्यांना गाफील करून शेवटी अशी उडी मारेल की चेटकिणी थेट नदीत. एवढा लांब ताणलेला विनोद फक्त त्यालाच जमला असता.

शेवटी एक चिमुरडी आली, अंगावर पिवळं खोकं, बाजूला काळी चाकं रंगवलेली. बस झाली होती ती. रुटलेजांची लहानी, बाबांच्या शेवटच्या फेऱ्यांत पहिल्या सीटवर बसायची. ती घमेल्याकडे बघेचना, त्यांच्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "गुड मॉर्निंग मिस्टर व्ही." संध्याकाळी. तिचा भाऊ म्हणाला, "चल गं येडे, आत पानं आहेत." ती म्हणाली, "पानांना नखं नसतात." घमेलं तोवर रिकामं झालं होतं. तिनं आपल्या पिशवीतून एक चॉकलेट काढलं, त्यांच्या तळहातावर ठेवलं, त्यांची बोटं एकेक करून मिटली आणि गेली.

इव्ही, मी व्हरांड्याचा दिवा बंद केला. संपल्याचा भोंगा व्हायचा होता अजून, गल्लीत पोरं होती. आपल्या घरचा दिवा भोंग्याच्या आधी कधी बंद झालाय का? एक पोरगा पायरीपर्यंत आला होता, अंधार बघून वळला. नियमच आहे, दिवा नाही तर घरात कुणी नाही.

गोणपाट काढलं तर तोंड घामानं भिजलेलं, गालावर सुतळीची जाळी उमटलेली. डोळे नेहमीसारखे. खुर्ची ओली होती. कधीपासून, कुणास ठाऊक. एवढी पोरं मांडीवर बसून गेली. मी त्यांना आंघोळ घातली, पण मूठ उघडेना, म्हणून तशीच राहू दिली. सकाळी ती आपोआप उघडली. चॉकलेट वितळून बोटांच्या फटींत गेलं होतं, कागदासकट. मी कोमट पाण्यानं पुसत होते आणि ते खिडकीकडे बघत होते. बाहेर मी पानांचं बुजगावणं पुन्हा खुर्चीत बसवलं होतं, रिकामी खुर्ची बघवेना म्हणून. पोस्टमन आला, त्यानं बुजगावण्याला हात केला, "मॉर्निंग, व्हर्जिल!" आणि पुढे गेला.

फोन उचलला असता तर तू विचारलं असतंस, "मारली का?" आणि माझ्या तोंडून "हो" निघालं असतं. थापा मला फार सहज येतात, तुला माहितीये. कागदावर तेवढ्या सहज येत नाहीत, खोडावं लागतं. म्हणून लिहिलं. नाही मारली, इव्ही. ये आणि त्यांना घेऊन जा. रविवारी ये, ओडेलबाई चर्चमध्ये असेल, तिला बघायला नको. गाडी मोठी आण, स्वयंपाकघरातली त्यांची खुर्ची पण न्यायचीये, दुसऱ्या खुर्चीत ते वाकडे बसतात. फुलाफुलांचं एक भूत मी त्यांच्या बॅगेत ठेवलंय, त्या होमवाल्यांना काय वाटायचं ते वाटो. आणि एक सांगून ठेवते. पायऱ्या चढून आलीस की व्हरांड्यात बसलेल्याला मिठी मारायला जाऊ नकोस. तो पानांचा आहे. बाबा आत आहेत, कपडे करून, दाढी करून.

तुझीच, या घरात उरलेलं शेवटचं भूत,
डार्सी