हेडचे मधले बोल्ट

प्रिय ठमे,

तू म्हणशील, बाबांना फोन सोडून पत्राची हौस कुठून आली. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी सावरून बोलतो, म्हणजे खोटंच बोलतो. कागदावर तेवढं जमत नाही.

सोमवारी गाणं शिकवणाऱ्या बाई त्यांची जुनी गाडी घेऊन आल्या. इंजिन थरथरतंय, चढाला दम टाकतंय, अशी तक्रार. चारही प्लग काढले, दाब मोजायचा गेज लावला, तुझा मामा स्टार्टर मारत होता. पहिल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन दीडशे, चौथ्याचंही तेवढंच. मधल्या दोघांत जेमतेम चाळीस. तुला लहानपणी दाखवायचो तसं चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर काटा चढला असता. तो ढिम्म. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडले, म्हणजे हेडखालचं गॅस्केट दोघांच्या मधे फुटून एकाची हवा दुसऱ्यात जातेय. मला बरंच वाटलं. म्हटलं, अजून डोकं शाबूत आहे आपलं.

मग वरचं झाकण काढून हेड इंजिनावर आवळून धरणाऱ्या बोल्टांना पाना लावला. कडेचे घट्ट. मधले दोन नुसत्या मनगटाने फिरले. हाताने बसवून तसेच सोडलेले. आवळायची सुरुवात मधल्यांपासून करायची, हे शिकाऊ पोरालाही कळतं. मी तोंडाचा पट्टा सोडला. कुठल्या गाढवाने हे इंजिन बांधलं, वगैरे. बाई हसून म्हणाल्या, "अहो, तुम्हीच की. तीन आठवड्यांपूर्वी. मला चहासुद्धा पाजलात." मला वाटलं, थट्टा करतायत. मामाकडे पाहिलं. तो पाना पुसत, खाली बघत म्हणाला, "दाजी, तुम्हीच केलं."

कामाची वही उघडली. अक्षर माझं, सही माझी. ठमे, काम विसरलो असतो तर चाललं असतं, वय झालं म्हटलं असतं. पण ती गाडी आपल्या दारात आल्याचंच मला आठवत नाही. बाईंसमोर फडक्याला हात पुसत उभा राहिलो, बराच वेळ.

त्या गेल्यावर मामाने कबूल केलं. चार-पाच महिने तो माझं प्रत्येक काम माझ्यामागून गुपचूप तपासत होता. कधी नट सैल सापडायचा, कधी पाइप तसाच लोंबत. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही, तुलाही नाही. बाईंची गाडी आली त्या एका आठवड्यात मात्र तो तापाने घरी पडला होता.

त्या आठवड्यातल्या, माझ्या एकट्याच्या हातच्या गाड्या वहीत सहा निघाल्या. सगळ्यांना परत बोलावलंय. त्यांतली एक तुझी, म्हणून पहिला फोन तुला केला. ऑइल बदलायचं राहिलंय, गाडी हलवू नकोस, असं म्हणालो ते खोटं. वहीत लिहिलंय की तुझे चारही ब्रेक मी उघडले. मला एकही चाक उतरवल्याचं आठवत नाही, आणि तेव्हापासून तू पोरीला रोज त्याच गाडीने शाळेत सोडतेस. आता चालत ने. हे पत्र घेऊन मामाच आलाय, तो चाकं उघडेल. तू शेजारी उभी राहा, एकेक बोल्ट स्वतः बघ. मी आलो नाही. माझा हात त्या गाडीला लागायला नको. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. तू माझ्याबरोबर येशील का? ते जे सांगतील ते घरी येईपर्यंत माझ्या लक्षात राहील, याची आता मला खात्री नाही.

घाबरलेला, पण तुझाच,
बाबा