दहा मिनिटांची हवा

४ नोव्हेंबर, खजुरी
पोचले. अमृतप्पांच्या घरी रस्त्याकडची खोली मिळाली. उजेड भरपूर, पाणी गोड, यंत्राला भक्कम टेबल. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं ते निवृत्तीनंतर भिंती बघत बसायला नाही. इथल्या हवेचा धूर टिपलेले फिल्टर आजवर बसने शहरातल्या प्रयोगशाळेत जात आणि तीन दिवसांनी शेरा येई, हवा ठीक. येणारच. धुराच्या कणांवरचे सगळ्यात घातक पदार्थ जेमतेम दहा मिनिटं टिकतात, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार? माझं यंत्र हवा ओढतं, कण तिथल्या तिथे द्रावणात घेतं, क्षणाक्षणाला त्यांचा आकडा दाखवतं.

९ नोव्हेंबर
गावाबाहेरचा डांबर प्लांट चालू झाला की आकडा चौपट. अमृतप्पांची लेक दीपमाला बाळंतपणाला आली आहे, मुलगी अठरा दिवसांची. मी बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवायला सांगितलं. तिची आई सिद्धव्वा म्हणाली, "अक्का, तुमचा डबा आता लेकरं बी सांभाळायलाय का?" तरी लावल्या. मी शिकलेली ना.

१४ नोव्हेंबर
बाळाला खोकला. न्हाऊ घातल्यावर शेगडीत ओवा, बाळंतशेपा टाकून रोज धुरी देतात. वास माझ्या खोलीपर्यंत येतो, बरा वाटतो. प्लांटच्या मॅनेजरला कडक पत्र लिहिलं.

१७ नोव्हेंबर
मुलगी गेली. छाती भरली होती, डॉक्टर म्हणाले.

२० नोव्हेंबर
यंत्र त्या रिकाम्या खोलीत नेलं. खिडक्या लावून धुरी केली. आकडा रस्त्याच्या सहापट. हे आधी करायला दहा पावलं चालायची होती. मी पत्रं लिहीत होते.
दीपमालाला खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "शेगडीवर तर मीच धरलं होतं तिला."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर
यंत्र तिथेच आहे. खोली बंद, कोळसे तीन दिवस थंड. सकाळी नऊला आकडा चढला. उतरला. चढला. मिनिटाला चाळीस वेळा. तान्हं मूल असाच श्वास घेतं.
जुना धूर नव्हे. जुनं काही उरतच नाही. यंत्र फक्त आत्ताचं दाखवतं.

२४ नोव्हेंबर
द्रावण बदललं. नळी बदलली. चाळीस.

२५ नोव्हेंबर
दीपमालाने पाहिलं. मोजलं. मी खिडकी उघडते म्हणाले तर तिने हात धरला— "न्हाई अक्का, जाईल ती."

२६ नोव्हेंबर
मंदावतंय. तीस. बावीस. दीपमाला म्हणते, गार पडायलीय. तिनेच शेगडी आणली, ओवा टाकला, दार लावलं. मी नको म्हणायला हवं होतं— बंद खोलीत कोळसे, मला कळतं, मीच शिकवलं—
चौतीस.
डोकं जड. दीपमाला भिंतीला टेकलीय, हाक मारली, ओ देत नाही—
चाळीस.
उठायला हवं. खिडकी दोन पावलांवर. पण माझ्या मांडीत ऊब आहे, आत्ताच डोळा लागलाय तिचा, हलले तर