मीच घातलेलं कलम

धुळे, ३ मार्च १९१६
कोर्टाबाहेर निंबाखाली अर्ज लिहायला बसलो होतो. सोनगीरची एक म्हातारी आली. "इंग्रजीम्हा लिखी दे, भाऊ. मन्हं कोनीच नही शे." मी 'डेस्टिट्यूट' घातला, म्हणजे निराधार. वजनदार शब्द, वाचताना साहेब थांबतोच. असे शब्द वहीत जमवतो. एखाद्याजवळ काही नाही हे सांगायला इंग्रजीत काय एकेक शब्द आहेत! हौस, दुसरं काय.

१९ मार्च
पाचोऱ्याहून नाना नि वहिनी आले. थोरल्या भावाला असं मान खाली घालून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुला दोन आहेत. धाकटा आम्हाला दे." विठू चार वर्षांचा. चुलीवर सौ.ची भाकरी करपली. "मधू आहेच की आपल्याजवळ," हे मीच दहादा म्हणालो.

२ एप्रिल
दत्तकपत्राचा मसुदा मीच केला. वकील म्हणाले मराठी चालेल, पण मला इंग्रजीची खुमखुमी. नानांपुढे 'इश्यूलेस' लिहिलं. वहिनींनी विचारलं, "यात माझं काय लिहिलंय, भाऊजी?" शब्दावर बोट ठेवून अर्थ सांगितला, पोटी मूल नसलेले. "इतक्या वर्षांचं एवढ्यातच बसलं?" म्हणाल्या.
शेवटचं कलम फारच साधलं. 'विदाउट एनी राइट ऑर क्लेम.' जन्मदात्यांना मुलावर कसलाही हक्क की दावा राहणार नाही. वकिलांनी पाठ थोपटली.

११ एप्रिल
झालं. उदक सोडलं, "दिला" म्हणालो. सौ.ने त्याला उचलून वहिनींच्या मांडीवर ठेवलं. तो खडीसाखर चघळत होता. टांग्यात बसताना मला म्हणाला, "काका, येतो." कोणी पढवलं कोण जाणे.

१४ ऑक्टोबर १९१८
मधू गेला. या नव्या तापात, तिसऱ्याच दिवशी. नववं चालू होतं.
लिहवत नाही.

६ नोव्हेंबर
आज कोर्टात जाऊन बसलो. सोनगीरची म्हातारी पुन्हा अर्ज घेऊन आलेली. तिला कोणीतरी सांगितलं असावं. कागद पुढे केलाच नाही. "आते तुन्हं कोन लिखी, भाऊ?" एवढंच म्हणाली. दौत बंद केली, घरी आलो.

९ नोव्हें.
सौ. म्हणते, विठूला परत आणा. कायदा सांगायला लागलो, दिलेलं मूल परत घेता येत नाही. शंभर जणांना हेच सांगत आलोय. "आणि ते कलम कोणी घातलं?" आज पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला तिने. चढवू दे. खरंच आहे ते. नानांना पत्र टाकलं, विठूला चार दिवस पाठवा.

१७ नोव्हें.
नाना विठूला सोडून गेले. मधूचा सदरा त्याच्या गुडघ्याखाली येतो. किती दिवसांनी सौ. पोटभर जेवली. विठू तिला काकू म्हणतो. स्वयंपाकघरातून कानावर आलं, "आई म्हण, मग लाडू." म्हणाला तो. मी छत्री घेऊन बाहेर पडलो. ऊन नव्हतं, पाऊस तर नव्हताच.

२९ नोव्हें.
चाराचे बारा झाले. नानांची दोन पत्रं आली. पहिल्यात ख्यालीखुशाली. दुसऱ्यात एकच ओळ, ही जेवत नाही. उत्तर लिहायला बसलो नि उठलो. दुसऱ्यांसाठी भराभर लिहितो मेला. सौ. आता लाडू देत नाही, तरी विठू आई म्हणतो. ती हसते. ते हसू मी मोडायचं?

२ डिसेंबर
वहिनी एकट्याच आल्या, चाळीसगावला गाडी बदलून. किती वाळल्यात. पदराखाली विठूचा लाकडी बैल. चहा नको, पाणी नको. सौ. चुलीपुढून हलली नाही, पाठ आमच्याकडे. विठू मागच्या अंगणात.
बैल मांडीवर ठेवून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या कागदात 'मूल नसलेले' असा एक शब्द घातला होतात. आता तो दोघींतल्या कोणाला लावायचा, तेवढं सांगा. मी जाते."
कलम माझ्या बाजूला नाही, वहिनींच्या आहे. पण त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.
एवढ्यात अंगणातून विठूने हाक मारली, "आई!"
दोघी एकदमच उठल्या.