डिचोलीच्या कचेरीला काचेचा हॉल

११ जुलै १९८८
पेडण्याहून बदली होऊन आलो आणि साहेबांनी जुन्या पोर्तुगीज कचेरीचे कामच हातात दिले. दुरुस्ती काय, कुठलाही ज्युनियर इंजिनियर करील. मी शेजारी काचेचा मॉडर्न हॉल जोडणार. गोवा राज्य झाले, डिचोलीने मागे का राहावे? उद्घाटन डिसेंबरात. संगमरवरी पाटीवर माझे नाव हवे, असे साहेबांना सुचवले. म्हणाले, बघूया. म्हणजे होच.

१५ जुलै
साइट पाहिली. काचेचा नमुना दिवसभर बाहेर ठेवला. पावसाने धुतलेला रस्ता, स्वच्छ हवा, काचेवर डाग नाही. रिपोर्टात लिहिले: धूळ, शून्य.

१६ जुलै
प्रभावतीला नकाशा दाखवला. बायको आमोण्याची. तिच्या माहेरच्या दारावरून तांबड्या खनिजाचे ट्रक जेटीवर जातात. म्हणाली, "पावस गेलो की ट्रक सुरू जातले. मागीर काच कोण पुसतलो?" पालथ्या घड्यावर पाणी. उद्यापासून घरी कामाविषयी बोलणे बंद.

३ सप्टेंबर
जुन्या भिंतींना पूर्वीसारखाच तांबडा रंग. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या साफ करून पुन्हा बसवल्या. साहेब खूश. मला जुनाट वाटते. असो, काच लागल्यावर तिकडे बघणार कोण?

८ ऑक्टोबर
काच लागली. अख्खा बाजार तीत दिसतो. सासरे, गोकुळदास, मुद्दाम आमोण्याहून बघायला आले. काचेत पाहून केस विंचरले आणि लगेच परत गेले. भारावले असणार.

२४ ऑक्टोबर, सकाळी
कचेरीसमोरून ट्रक सुरू झाले. काच आज सुंदर गुलाबी दिसते. सूर्योदयाचा परिणाम.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळी
सूर्योदयाचा नव्हे.

१० नोव्हेंबर
कोरड्या फडक्याने चरे पडतात, ओल्याने चिखल होतो. कचेरीची शिपाई तारा हिने बादली माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "सायबा, हांव कचेरीची शिपाय, ट्रकाची क्लीनर न्हय." शिस्त राहिली नाही. उद्या मेमो देणार.

११ नोव्हेंबर
मेमो नंतर. चहा तीच करते.

२ डिसेंबर
आतून आता बाहेरचे काही दिसत नाही. स्टाफचे लक्ष विचलित होणार नाही. हा फायदा आधी ध्यानात आला नव्हता. स्टाफ मात्र टेबले उचलून जुन्या व्हरांड्यात बसला आहे. तिथे वारा येतो म्हणे. सवय बदलायला वेळ लागतो. मीही तिथेच बसतो, देखरेखीसाठी.

१९ डिसेंबर
उद्घाटन. प्रभावती नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. प्रमुख पाहुण्यांनी जुन्या भागाची तोंडभरून स्तुती केली, मग हॉलकडे बोट करून विचारले, हे गोदाम कधी पाडणार? साहेब म्हणाले, बघूया.
पाटीवरचा पडदा सरकला. पाहुण्यांचे नाव, साहेबांचे नाव. प्रभावतीने पाटी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मला फार वाईट वाटले.

२० डिसेंबर
हॉलच्या काचेवर, धुळीत, कोणीतरी बोटाने ठळक लिहिले आहे: 'कृष्णनाथ सायबा, आता तुमीच पुसात.' अक्षर आपले नाही असे तारा सांगते.
दुपारी प्रभावतीला नेऊन दाखवले. हसली. मग पदराने नावापुढचा मजकूर पुसून टाकला. माझे नाव तेवढे राहू दिले.
शिपायांना ताकीद दिली आहे. ट्रक चालू आहेत तोवर त्या काचेला कोणी हात लावायचा नाही.