जपातला राम राम

कुमुदचे बाबा,

डॉक्टरनं सकाळी फिरा म्हटलं, तुम्ही त्यातच जप घातला. बरं केलं. पण मराठी-हिंदी अशी राज्याची वाटणी होऊन राहिली, सरकारी नोकरी नागपूरकडे मागता का भोपाळकडे, हे मी आठ दिवसांपासून विचारून राहिली, तर तुमचं दारातून एकच, "राम राम." जपात बोलत नसाल म्हणून मी गप्प. अन् काल सावरगावच्या नत्थूजीसंग नदीवर अर्धा तास संत्र्याच्या गोष्टी केल्या म्हणे!

नोकरीचा फॉर्म देवापाशी ठेवला आहे. आज शेवटची तारीख. नागपूर लिहा नाही तर भोपाळ, तिथं राम राम लिहू नका.

भाकरी टोपल्यात आहे. मी कुमुदले घेऊन सौसरले भावाकडे चालली. उत्तर घेऊन याल तर संग येईन. तोवर माझाही राम राम घ्या.